अकरा सेकंद

ओडेसा ट्रेम्ब्लीच्या यंत्राला बावीस कळा.
एकीवरही अक्षर छापलेलं नाही.
पेटीवर सूर धरावेत तशा ती त्या एकदम दाबते
आणि समोरच्याने ओठ मिटायच्या आत
त्याचं बोलणं पट्टीवर उतरलेलं असतं.
सत्तावीस वर्षं.
सिनेटर, नौदलाचे अधिकारी, दोन बँकबुडवे,
शपथ घेतल्यापासून नुसती शिंकत राहिलेली एक बाई,
सगळे हिच्या बोटांतून गेले.
हिचं स्वतःचं एक वाक्य त्यात नाही.

वॉशिंग्टन. मार्चमधला मंगळवार.
चेरी अजून कळ्यांवरच अडलेली.
खिडकीखाली तो रोजचा म्हातारा
कर्ण्यातून राष्ट्राध्यक्षांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय.
पोलीस शेजारी उभा राहून सँडविच खातो.
कायदा म्हाताऱ्याच्या बाजूने आहे.
ऐकणारं मात्र कुणी नाही,
एक कुत्रं सोडलं तर, तेही दोरीला बांधलेलं.

आत लिंडक्विस्ट.
मिनेसोटाचा, तपास खात्यात केस पांढरे केलेला.
त्याच्यापुढे चार मायक्रोफोन, सोळा कॅमेरे,
पाण्याचा ग्लास, दोनदा सरकवलेला.
बंदरांच्या कंत्राटांची फाइल त्याच्याकडे होती
फेब्रुवारीपर्यंत.
मग नव्हती.

"तपास थांबवा असं तुम्हाला वरून कुणी सांगितलं?"

वरून.
वरून पाऊस येतो, कृपा येते
आणि फोन येतो.
पण थांबवा असं फोनवर कोण म्हणतं?
फोनवर विचारतात, मुलगी कुठल्या कॉलेजात आता?
गुडघा कसा आहे?
साहेब परवा तुमचं नाव काढत होते.
आणि मग, कोटात हात घालता घालता बोलावं तसं,
ते बंदरांचं… अजून चालूच आहे का हो?

ज्याने जन्मात मूग पाहिले नसतील
तो माणूस मूग गिळून बसला.
बाहेरचा कर्णा तेवढ्यात टिपेला गेला,
जाड काचेतून आत आले ते नुसते स्वर;
व्यंजनं रस्त्यावरच राहिली.

"नाही," लिंडक्विस्ट म्हणाला. "तसं कुणी सांगितलं नाही."

शपथेवर बोलला. शब्दाला शब्द लावून पाहिला
तर खरंही बोलला.

गप्प राहण्याला कळ नाही.
बावीसांत नाही.
जी त्याच्या मानेत उठलेली तिला दिसली
ती कळ वेगळी.

रात्री ती प्रत साफ करत बसली.
प्रश्न. उत्तर.
मधली जागा तिच्याकडे बघत राहिली.
चहा गार झाला, तिने कंस उघडला:
(साक्षीदार अकरा सेकंद बोलत नाही.)
कंस मिटला. दिवा मालवला.
झोप काही आली नाही, पण ते तिच्या वयाला धरूनच होतं.

गुरुवारी फोन.
आवाज तरुण, लोण्यासारखा.
मिसेस ट्रेम्ब्ली, तुमच्या कामाला तोड नाही.
निवृत्ती यंदाच ना?
पेन्शनच्या कागदांत काही अडलं तर नि:संकोच सांगा.
आणि हो, पान एकशे चारवर
तो कंस… अगदी गरजेचा आहे का?

तिने रिसीव्हर खांद्यात धरला.
बोटं सवयीने टेबलाच्या लाकडावर चालू लागली:
निवृत्ती. प्रश्नचिन्ह.
पेन्शन.
कंस. प्रश्नचिन्ह.
पलीकडे कुणीतरी दार लावून घेतलं.
किती सेकंद गेले ते मोजायला
या खोलीत कुणी नेमलेलं नव्हतं.

मग ती घसा खाकरून म्हणाली,
"तुमच्या नावाची अक्षरं
जरा एकेक करून सांगाल?
नोंदीसाठी."